दसऱ्यापासून पहिल्या बर्फापर्यंत: जुन्या गाडीची घरच्या घरी हिवाळी तयारी

टोरांटो, डेट्रॉइट, शिकागो, मिनियापोलिस या थंड पट्ट्यात नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली गाडी बहुधा आठ-दहा वर्षं वापरलेली कोरोला, सिव्हिक किंवा कॅमरी असते. दसऱ्याला तिला धुऊन, हार घालून तिची पूजाही होते. त्याच दिवशी बॉनेट उघडावं. दसरा सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात येतो. तेव्हा बाहेर हातमोज्यांशिवाय काम करता येतं, नट सुटतात आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा मोडत नाहीत. हीच कामं डिसेंबरात उणे १५ अंशांत करायची वेळ आली तर दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. शिवाय पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानांत लांबच लांब रांगा लागतात.

कामं बरीच आहेत, पण सगळी सारख्या महत्त्वाची नाहीत. बॅटरी, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा, थंडीत न गोठणारा द्रव) आणि टायर यांपैकी एक जरी हुकलं तरी गाडी अडकते, किंवा त्याहून वाईट घडतं. बाकीची कामं मागेपुढे झाली तरी चालतात.

हत्यारं फार लागत नाहीत. १० मिमीचा पाना, चाकाच्या नटांसाठी सॉकेट (बहुतेक टोयोटांना २१ मिमी, होंडांना १९ मिमी), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं नट आवळायचा पाना), साधा मल्टिमीटर, हवा मोजायचा गेज, तारेचा ब्रश, चांगला जॅक आणि दोन जॅक स्टँड पुरेत. अमेरिकेत ऑटोझोनसारखी दुकानं अनामत घेऊन टॉर्क रेंच वापरायला देतात आणि बॅटरी फुकट तपासूनही देतात. या लेखातले अंश सेल्सिअसमधले आहेत. जिथे फॅरनहाइट आहे तिथे तसं लिहिलं आहे.

बॅटरी

पुण्यात पाच वर्षं निमूट चाललेली बॅटरी इथे एका रात्रीत दगा देते. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. ० अंशाला तिची ताकद साधारण एक तृतीयांशानं कमी होते आणि उणे १८ अंशांना, म्हणजे ० फॅरनहाइटला, जेमतेम निम्मी उरते. त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे सेल्फला जास्त जोर लागतो. उन्हाळ्यात अशक्त झालेली बॅटरी म्हणूनच जानेवारीत उघडी पडते.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करण्याआधी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण आणि १२.२ म्हणजे निम्मी. मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. तेवढा येत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे, नवी बॅटरी घालून उपयोग नाही. मात्र नुसते व्होल्ट पाहून बॅटरीची खरी ताकद कळत नाही. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या आणि पाच वर्षं झाली असतील तर टेस्टच्या निकालाची वाट न पाहता बदला. नवी घेताना सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) हा आकडा बघा. उणे १८ अंशांना बॅटरी ३० सेकंद किती अँपियर देऊ शकते ते त्यावरून कळतं. गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी सीसीएची बॅटरी घेऊ नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमलेली असेल तर करंट अडतो. बॅटरी चांगली असूनही गाडी सेल्फ घेत नाही, याचं हे नेहमीचं कारण. साफ करायला पंधरा मिनिटं लागतात. आधी काळी वायर, म्हणजे मायनस, सोडवा आणि नंतर लाल. जोडताना उलट: आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम का, ते नीट समजून घ्या. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. काळी जोडलेली असताना लाल सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात, पाना तापून हात भाजतो. एक कप पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ते टर्मिनलवर ओता, फेस येऊन गेला की ब्रशनं घासा, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. जोडून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. टर्मिनल हातानं फिरवून बघा, ते जराही हलता कामा नये. काही होंडांमध्ये बॅटरी काढली की रेडिओ कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा.

चावी फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक-टक ऐकू आलं तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. घर्र… घर्र… असं दमल्यासारखं फिरत असेल तर बॅटरी थकत आली आहे, तिचे थोडेच दिवस उरलेत. दिवे लख्ख लागतात पण एकदाच ‘टक्’ होऊन शांतता पसरते, तेव्हा संशय स्टार्टरवर, म्हणजे सेल्फच्या मोटरवर, घ्यावा.

जंप स्टार्टचा क्रम कागदावर लिहून डिकीत ठेवा, कारण तो अंधारात, घाईत लागतो:

१. लाल क्लिप बंद गाडीच्या प्लसला.
२. लालचं दुसरं टोक चालू गाडीच्या प्लसला.
३. काळी क्लिप चालू गाडीच्या मायनसला.
४. काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी तिच्याजवळ नको. चालू गाडी चार-पाच मिनिटं तशीच चालू ठेवा, मग दुसरी सुरू करून बघा. पूर्ण उतरलेली बॅटरी कडक थंडीत गोठतेही. तिचं खोकं फुगलेलं किंवा तडकलेलं दिसलं तर तिला केबल लावू नका, फुटण्याचा धोका असतो.

कूलंट: इथे नळाचं पाणी चालत नाही

घाट चढताना रेडिएटर तापला की बाटलीतलं पाणी ओतायची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. नुसतं पाणी भरलेलं इंजिन उणे २० अंशांत रात्रभर उभं राहिलं तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ गाडी भंगारात.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मग नुसतं कूलंटच भरावं असं वाटेल, पण ते चुकीचं आहे. कूलंटचा मुख्य घटक असलेलं निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, आणि ते पाण्याएवढी उष्णताही वाहून नेत नाही. ७० टक्क्यांच्या वर कधी जाऊ नका.

तपासायला स्वस्त टेस्टर मिळतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून (ते नसेल तर कूलंटच्या टाकीचं) थोडं कूलंट ओढून घ्या. टेस्टरवर गोठणबिंदू थेट वाचता येतो. गरम इंजिनचं झाकण मात्र कधीही उघडू नका, आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं आणि ते तोंडावर उडतं. भर घालायची तर पुस्तकात सांगितलेल्या प्रकाराचंच कूलंट घाला. गुलाबी, हिरवा, निळा या रंगांवर भरवसा नको, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. चुकीचे दोन प्रकार मिसळले तर आत गाळ धरतो आणि हीटरची बारीक नळी आधी तुंबते. सांडलेलं कूलंट लगेच पुसून धुऊन टाका. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि घरात लहान मूल असेल तर बाटली उंचावरच हवी.

टायर

‘ऑल-सीझन’ या नावामुळे फसगत होते. त्यांचं रबर ७ अंशांच्या खाली (४५ फॅरनहाइट) कडक होत जातं, आणि कडक रबर बर्फ तर सोडाच, कोरडा गार रस्ताही नीट धरत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. ओळखायची खूण म्हणजे टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. नुसतं एम प्लस एस (M+S, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो विंटर टायर समजू नका. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. ऑन्टारिओत सक्ती नाही, पण १ जानेवारी २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावीच लागते. पॉलिसी घेताना ती मागून घ्या.

टायर चारही बदलायचे. पैसे वाचवायला पुढचे दोनच घातले तर पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात, आणि वळणावर ब्रेक मारला की गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी गाडी असली तरी हेच खरं. ती गाडी लवकर निघते, पण थांबायला तेवढंच अंतर घेते. नक्षी मोजा: नव्या टायरवर साधारण ८ ते ९ मिमी असते, ५ मिमीच्या खाली गेली की बर्फात टायर निकामी होऊ लागतो, मग कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी का असेना.

शक्य असेल तर विंटर टायर वेगळ्या लोखंडी रिंगांवर चढवून घ्या. मग दर मोसमात घरीच चाकं बदलता येतात. इथे एक बारीक पण घातक चूक होते. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोल असतं, बाजारातल्या बहुतेक रिंगांना मात्र शंकूच्या आकाराचं बूड लागतं. अनेक जुन्या टोयोटांच्या अलॉयचे नट तर सपाट वॉशरचे असतात. चुकीचा नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण चालता चालता ढिला होतो. रिंग घेतानाच तिला लागणारे नट त्या दुकानातून घ्या.

चाक बदलताना गाडी सपाट, पक्क्या जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला वीट लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा, हवेत गेल्यावर चाकच गोल फिरतं. मग जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. ती जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचांमध्ये असते. एक इंच इकडे-तिकडे झाला तर पत्रा दुमडतो. गाडी उचलली की लगेच जॅक स्टँड लावा आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. काही घसरलंच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात किंवा पाय घालू नका.

मिठाच्या रस्त्यांवर चाललेलं चाक हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) गंजून चिकटतं. नट काढले तरी ते हलत नाही. तेव्हा सगळे नट परत लावून फक्त दोन फेरे ढिले ठेवा, गाडी खाली घ्या आणि दोन-चार फूट मागेपुढे अगदी हळू हलवा, चाक सुटतं. चाक निघाल्यावर हबचा गंज ब्रशनं घासून काढा आणि फक्त त्या सपाट भागाला अँटी-सीझ या, गंजून चिकटू न देणाऱ्या पेस्टचा अगदी पातळ थर द्या. बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. तसं केलं की टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो, बोल्टवर मात्र जास्त ताण येतो.

चाक उघडं असतानाच ब्रेक पॅडवर नजर टाका. जाडी ३ मिमीच्या आसपास आली असेल किंवा आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळा झिजला असेल तर गॅरेज गाठा. ब्रेकचं काम पहिल्याच वर्षी एकट्यानं करू नये.

नट हातानं लावा, ताऱ्याच्या आकारात एकाआड एक घट्ट करा आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचनं द्या. कोरोला-कॅमरीला १०३ न्यूटन-मीटर (७६ फूट-पाउंड), सिव्हिकला १०८ (८० फूट-पाउंड). तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तकात बघून घ्या. ८० ते १०० किलोमीटर चालवल्यावर हेच नट पुन्हा एकदा तपासायचे. ही पायरी गाळू नका, नवी रिंग बसायला थोडं अंतर घेते. टायरवर दिशेचा बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेनं हवा.

हवा: तापमान दर ५.५ अंशांनी (१० फॅरनहाइट) उतरलं की साधारण १ पीएसआय हवा कमी होते. सप्टेंबरात २७ अंशांना भरलेले ३३ पीएसआय जानेवारीत उणे १२ अंशांना २६ वर येतात, पंक्चर नसतानाही. म्हणून थंडीत महिन्यातून दोनदा, गाडी चालवण्याआधी हवा तपासा. भरायची किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

लहान कामं

काच धुण्याच्या टाकीत उन्हाळी निळं पाणी असेल तर ते फवारून संपवा आणि उणे ४० अंशांचं फ्लुइड भरा. मग नवीन फ्लुइड नळीत येईपर्यंत पुन्हा फवारा, नाहीतर नळीतलं जुनं पाणीच गोठतं. वायपर बदलताना काचेवर जाड टॉवेल पसरा. रिकामा दांडा स्प्रिंगच्या जोरानं आपटला तर काच तडकते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची लांबी बहुधा वेगळी असते, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवा.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडचा ‘जाड तेल म्हणजे चांगलं’ हा समज इथे सोडून द्या. झाकणावर ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर तेच घाला. त्यातलं डब्ल्यू हिवाळ्यासाठीच आहे: आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर वाहतं.

दारांच्या रबरांना सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन पुसा, दार चिकटून रबर फाटत नाही. गोठलेल्या काचेवर किंवा दारावर गरम पाणी ओतू नका. काच तडकते, आणि उरलेलं पाणी पुन्हा गोठून दार आणखी घट्ट बसतं.

काच आतून धुरकट होते त्याची तक्रार नवे लोक सर्वांत जास्त करतात. बुटांवरचा बर्फ वितळतो, मॅट भिजतात, श्वासाची वाफ कोंडते. उपाय सोपा आहे: हीटर गरमवर, हवा काचेवर, एसी चालू, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद. हिवाळ्यात एसी लावायचा हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तोच हवेतली ओल शोषून घेतो. तरीही फरक पडला नाही तर ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा. खण रिकामा करा, दोन्ही कडा आत दाबून तो खाली ओढा, की फिल्टरची पट्टी दिसते. जुन्या गाडीत तो बहुधा पानांनी आणि धुळीनं गच्च भरलेला सापडतो. नवा बसवताना हवेच्या दिशेचा बाण बघा.

कॅनडातल्या विनिपेग, सस्काटून किंवा एडमंटनला राहत असाल तर ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर, लागतोच. उणे १५-२० च्या खाली तो निघण्याआधी तीन-चार तास चालू हवा, रात्रभर नको. टायमर लावा, आणि बाहेर वापरायची, तीन पिनांची जाड एक्स्टेन्शन घ्या. निघताना ती काढायला विसरू नका.

डिकीत काय ठेवायचं

छोटं फावडं, लांब दांड्याचा ब्रश आणि खरवडणी, जंपर केबल, टॉर्च, ब्लँकेट, जादा हातमोजे, फोनचा चार्जर आणि दहा किलो वाळू किंवा मांजरांसाठी वापरतात ती साधी, गोळा न होणारी माती. खायला चिक्की आणि शेंगदाणे उत्तम, गोठले तरी खाता येतात. पाण्याची बाटली पाऊणच भरा. टाकीत पेट्रोल कायम निम्म्याच्या वर ठेवा.

बर्फात गाडी बाहेर काढताना

आधी एक्झॉस्टच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, मगच गाडी सुरू करा. नळी बुजलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपेतच जातो. गॅरेजचं दार उघडं असलं तरी आत गाडी गरम करत ठेवू नका. छतावरचा बर्फही झाडा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येतो. एलईडी दिवे गरम होत नाहीत, त्यांच्यावर जमलेला बर्फ हातानंच पुसावा लागतो.

अर्ध्या मिनिटानं निघा आणि पहिली पाच-दहा मिनिटं हळू चालवा. क्रूझ कंट्रोल बंद. पूल आणि उड्डाणपूल खालूनही गार होतात, म्हणून तिथे बर्फाचा पारदर्शक पापुद्रा रस्त्याच्या आधी धरतो. नेहमीपेक्षा कितीतरी लांबून ब्रेक लावायला घ्या. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर पॅडल घट्ट दाबून धरा. पायाखाली ते थरथरतं, घरघरतं. ते बरोबर आहे, पाय काढू नका. गाडी घसरली तर ॲक्सिलरेटर सोडा, नजर जिथे जायचं आहे तिकडे ठेवा आणि स्टिअरिंग हळूच तिकडे वळवा. समोरच्या खांबाकडे बघत राहिलात तर हातही तिकडेच जातात.

गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. फिरत्या चाकाखालचा बर्फ वितळून काचेसारखा होतो. चाकांपुढचा-मागचा बर्फ फावड्यानं काढा, वाळू टाका, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनचा जोर कमी करणारी यंत्रणा) बंद करा आणि गाडी हळूहळू मागेपुढे झुलवत काढा. वादळात हायवेवर अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित उघडी ठेवा, आणि प्रत्येक वेळी खाली उतरून नळी मोकळी आहे ना ते आधी बघा.

तापमान ० च्या वर गेलेल्या दिवशी गाडी खालून धुऊन घ्या, मीठ पत्रा खातं. विंटर टायर गुढीपाडव्याला काढायची घाई नको. मिनेसोटात एप्रिलमध्येही बर्फ पडतो, म्हणून सकाळचं तापमान सतत ७ अंशांच्या वर राहू लागलं की बदला. काढताना प्रत्येकावर खडूनं जागा लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. रिंगसकट असतील तर एकावर एक आडवे रचा, नुसते टायर असतील तर उभे ठेवा, आणि दोन्ही वेळा ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात.